नवं स्वयंपाकघर मांडताय? यंत्रं घेण्याआधी हे वाचा

भाचीला पुण्यात नोकरी लागली. वाकडला मैत्रिणीबरोबर भाड्याने फ्लॅट घेतला आणि पहिल्याच शनिवारी रात्री दहा वाजता तिचा फोन आला. "मावशी, एक यादी पाठवलीय, बघ ना पटकन. बारापर्यंतच सूट आहे."

यादीत चौदा वस्तू होत्या. पोळी मेकर, एअर फ्रायर, दोरी ओढायचा चॉपर, अंडी उकडायचं यंत्र, ज्यूसर, बारा पात्यांचा स्लायसर, लसूण सोलायची नळी, इलेक्ट्रिक राइस कुकर आणि असंच बरंच काही. बेरीज तिच्या वाट्याच्या भाड्यापेक्षा जास्त होत होती. पण त्या यादीत सांडशी नव्हती, किसणी नव्हती आणि पोळ्यांचा तवाही नव्हता.

"आज काहीच घेऊ नकोस," मी म्हटलं. "सूट महिन्याभरात परत येते. तोवर मी तुला एकेक गोष्ट सांगते."

त्या महिन्यात फोनवर तिला जे सांगत गेले, तेच इथे नीट लिहून काढते आहे. पहिल्यांदा घर मांडणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल. गेली सत्तावीस वर्षं मी रोज दोन वेळचा स्वयंपाक करते आहे. दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावरून खोकी खाली काढते, तेव्हा त्यातली निम्मी स्वयंपाकघरातल्या यंत्रांची असतात. ती सगळी मी खरी गरज आहे असं वाटूनच घेतली होती. गरज खरीच होती, पण ती त्या यंत्राने भागणारी नव्हती.

पहिली पायरी: महिनाभर मोजक्या भांड्यांत स्वयंपाक करा

दोन-तीन माणसांच्या घराला सुरुवातीला लागतं ते असं: वरण-भाताचे डबे एकावर एक बसतील असा पाच लिटरचा कुकर, एक लोखंडी तवा, एक कढई, दोन पातेली झाकणांसकट, परात, पोळपाट-लाटणं, चांगली सुरी किंवा विळी, किसणी, चाळणी, सांडशी, उलथनं, पळी, झारा, मिसळणाचा डबा आणि एक मिक्सर. चहाची गाळणी लोक हमखास विसरतात. ही सगळी खरेदी पुण्यात तुळशीबाग किंवा रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, मुंबईत भुलेश्वर किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास एका दुपारी होते. भांडं हातात घेऊन बघता येतं, हा तिथे जाण्याचा मोठा फायदा. कढईचा कान ढिला आहे का, तवा मध्ये फुगलाय का, हे फोटोत दिसत नाही.

आता फ्रिजच्या दारावर एक कोरा कागद चिकटवा आणि स्वयंपाक करताना जिथे हात अडेल ते लगेच त्यावर लिहा. लिहिताना वस्तूचं नाव लिहायचं नाही, अडचण लिहायची. 'चॉपर हवा' असं न लिहिता 'कांदा चिरायला फार वेळ जातो' असं लिहा. एकदा वस्तूचं नाव लिहिलं की डोकं दुकानाकडे वळतं. अडचण लिहिली तर तिच्यावर तीन-चार उपाय सुचतात आणि त्यातला एखादा बहुतेक वेळा फुकट असतो. कांद्याला वेळ लागतो कारण सुरी बोथट आहे. पोळ्या कडक होतात कारण कणीक घट्ट भिजवली आहे आणि मुरू दिली नाही. सकाळी धावपळ होते कारण भाजी रात्री निवडून ठेवली नाही.

भाचीच्या कागदावर पहिल्या आठवड्यात पाच ओळी झाल्या. त्यातल्या दोन नळाखालच्या अपुऱ्या जागेबद्दल होत्या.

दुसरी पायरी: ओटा मोजा, प्लग मोजा

भाड्याच्या फ्लॅटमध्ये ओटा लहान असतो. गॅसची शेगडी आणि पाण्याची जागा सोडून जो तुकडा उरतो त्यावर परात ठेवून कणीक मळता आली पाहिजे. म्हणून टेप घ्या, तो तुकडा मोजा आणि यंत्राची लांबी-रुंदी त्याच्याशी ताडून बघा. यंत्र कायम ओट्यावर राहणार नसेल तर ते कपाटात जाईल. कपाटातून रोज काढावं लागणारं जड यंत्र पहिला महिना निघतं, दुसऱ्या महिन्यात रविवारीच निघतं आणि नंतर माळ्यावर जातं. माझ्या घरात हा क्रम एकदाही चुकलेला नाही.

प्लगकडे तर कुणीच बघत नाही. आपल्याकडच्या लहान प्लगची क्षमता ६ अँपिअर असते. २३० व्होल्टने गुणलं तर १३८० वॉट होतात. एअर फ्रायर, इंडक्शनची शेगडी, ओटीजी (म्हणजे विजेची छोटी भट्टी) यातलं बरंच काही त्याच्या वर जातं, आणि त्यांना मोठा, १६ अँपिअरचा प्लग लागतो. जुन्या इमारतींत ओट्याजवळ असा प्लग एखादाच असतो, तोही बहुधा फ्रिजने किंवा पाण्याच्या फिल्टरने अडवलेला. मग माणसं लहान प्लगला अडॅप्टर लावतात, तो गरम होतो, प्लॅस्टिकचा वास येतो. हे धोक्याचं आहे, करू नका. घरमालकाला विचारून मोठा प्लग बसवून घेता येत असेल तरच असं यंत्र घ्या.

विजेच्या बिलाची मात्र लोकांना उगीच जास्त काळजी असते. १५०० वॉटचं यंत्र अर्धा तास सतत चाललं तरी पाऊण युनिट जळतं. अडचण जागेची आणि प्लगची आहे.

तिसरी पायरी: वेळ मोजताना धुणं धरा

दोरीचा चॉपर नको, हे भाचीला पटत नव्हतं. व्हिडिओत तीन झटक्यांत कांदा बारीक होतो, आणि ते खरंच आहे. म्हणून एका रविवारी मी तिच्याकडे गेले. मैत्रिणीचा चॉपर होता, विळी मी घेऊन गेले होते, आणि मोबाइलवर घड्याळ लावलं.

मी विळीवर दोन मध्यम कांदे सोलून चिरले. साडेतीन मिनिटं लागली. विळी नळाखाली धरून पुसून ठेवायला अजून अर्धं मिनिट. तिने कांदे सोलले, चार-चार तुकडे केले, कारण अख्खा कांदा त्यात जात नाही. भांड्यात घातले, झाकण लावलं, आठ वेळा दोरी ओढली. दोन मिनिटांत काम झालं. मग झाकण उघडलं. तळाशी कांद्याचा लगदा होऊन पाणी सुटलं होतं आणि वरच्या बाजूला बोटाएवढे तुकडे तसेच राहिले होते. ते पुन्हा चिरावे लागले. त्यानंतर धुणं. भांडं, पातं, पात्याचा दांडा, झाकण आणि खालची रबरी चकती. पात्याच्या मुळाशी जिथे ते दांड्यात बसतं तिथे आदल्या दिवशीच्या कोथिंबिरीचा काळपट धागा अडकलेला होता. तो काढायला तिने टूथपिक घेतली. झाकण नळाखाली धरता येत नव्हतं, कारण दोरीच्या चक्रात पाणी गेलं की ते गंजतं. ओल्या फडक्याने पुसावं लागलं. सगळं मिळून सात मिनिटं.

कांद्याला पाणी सुटलं की तो परतायला जास्त वेळ लागतो, हे वेगळंच. भजीसाठी तर असा कांदा चालतच नाही, उभा पातळ चिरलेलाच लागतो.

म्हणून कुठलंही यंत्र घेण्याआधी त्याचे सुटे भाग मोजा. प्रत्येक भाग तुमच्या सिंकमध्ये, तुमच्या घासणीने, तुम्हाला धुवायचा आहे. भांडी घासायला बाई येत असेल तर तिला नाजूक पातं घासताना हात कापण्याची भीती असते, हेही लक्षात घ्या. जिथे फडक्याने पुसून भागत नाही आणि नळाखालीही धरता येत नाही असं यंत्र सहसा माळ्यावर जातं.

एक अपवाद मनापासून सांगते. माझ्या आईला मनगटाचा संधिवात आहे. तिला सुरी धरवत नाही, कणीक मळवत नाही. तिच्याकडे बटण दाबून चालणारा चॉपर आणि कणीक मळायचं यंत्र आहे, आणि त्या दोन्हींमुळे ती आजही स्वतःच्या हाताने स्वतःचा स्वयंपाक करते. हात दुखतात, वय झालंय, एकच हात चालतो, अशा घरात हीच यंत्रं पैशाचं सोनं करतात. मी जे लिहिते आहे ते धडधाकट हातांच्या, नव्याने घर मांडणाऱ्या माणसांसाठी.

चौथी पायरी: एकेका यंत्राचं काम समजून घ्या

पोळी मेकरपासून सुरुवात करते, कारण नव्या घरांत सगळ्यात जास्त निराशा यानेच होते. मी अडीच हजारांना घेतला होता. त्यात दोन गरम तबकड्या असतात. कणकेचा गोळा खालच्या तबकडीवर ठेवायचा, वरची दाबायची, गोळ्याची पोळी होते असं सांगतात.

होतं ते असं. आपली घडीची पोळी म्हणजे लाटी थोडी लाटून, तेल लावून, पीठ भुरभुरून, अर्धी आणि मग चतकोर घडी घालून पुन्हा लाटलेली. तव्यावर आतल्या ओलाव्याची वाफ होते, ती तेलाच्या थरांतून वाट काढते आणि पदर सुटतात. मऊपणा त्या पदरांमुळे येतो. पोळी मेकरमध्ये घडी घालायला वावच नाही. वरची तबकडी टेकताक्षणी गोळ्याचा पृष्ठभाग शिजायला लागतो, म्हणजे पसरायचं आणि शिजायचं ही दोन कामं एकाच क्षणी होतात. अर्धा क्षण जास्त दाबलं की कडेला वाफ फुटते आणि पोळी तिथे फाटते. कमी दाबलं की मध्ये जाड राहते. नेहमीच्या कणकेने तर ती नीट पसरतच नाही. कणीक सैल भिजवून, अर्धा तास मुरवून, गोळा थोडा बिजागरीच्या बाजूला ठेवावा लागतो. एवढं सगळं जमलं की जे हाती येतं तो बरा फुलका असतो आणि तो लगेच खायचा असतो. डब्यात दुपारपर्यंत त्याचा पापड होतो. डब्यासाठी पोळ्या करणाऱ्याला याचा उपयोग नाही.

परदेशातले आपले लोक रोटीमॅटिकबद्दल विचारतात. सिंगापूरच्या झिंप्लिस्टिक कंपनीचं हे यंत्र प्रणोती नागरकर आणि ऋषी इस्राणी यांनी उभं केलं. पीठ, पाणी आणि तेल घातलं की ते मळून, लाटून, भाजून फुलका बाहेर देतं. पोळी मेकरपेक्षा हे फार वेगळं आणि पुढचं काम आहे. पण किंमत हजार डॉलरच्या वर, आकार मोठा, आणि मिळतो तोही फुलकाच. कुणाकडे असेल तर त्यांच्या घरी दोन वेळा जेवून, डब्यात नेऊन बघा. घरात रोज फुलकेच लागत असतील आणि दोघंही कामावर जात असतील तर विचार करण्यासारखं आहे.

एअर फ्रायर. त्याच्या नावातच घोटाळा आहे. फिलिप्सने २०१० साली तो बाजारात आणला तेव्हापासून सगळे त्याला तळणीचं यंत्र समजतात. खरं तर ती जोरदार पंखा असलेली छोटी भट्टी आहे. तारेने तापलेली हवा पंखा पदार्थाभोवती फिरवतो. जे भट्टीत चांगलं होतं ते यात चांगलं होतं. उकडून कापलेली कोथिंबीर वडी वरून तेलाचं बोट लावून ठेवली तर छान खरपूस होते. शेंगदाणे, मखाणे, बटाट्याच्या फोडी, पनीर उत्तम. पण बेसनात बुडवलेलं काहीही ठेवू नका. तेलात पीठ पडताक्षणी बाहेरून बांधलं जातं, कारण तेल हवेपेक्षा कितीतरी झपाट्याने उष्णता देतं. गरम हवेला तेवढा वेग नाही, तोवर ओलं पीठ जाळीतून खाली गळतं. कांदाभजी, बटाटेवडा, मिरचीभजी यात होत नाहीत. पापड पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या तारेला चिकटतो, त्यावर वाटी किंवा जाळी ठेवावी लागते. आणि चार लिटरच्या टोपलीत चार माणसांच्या वड्या दोनदा लावाव्या लागतात.

घरात ओटीजी किंवा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर एअर फ्रायर घेऊ नका, काम तेच आहे. आणि कमी तेलात वडे हवे असतील तर बिडाचं आप्पेपात्र घ्या. साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, दहीवडे चमचाभर तेलात होतात, शिवाय आप्पे होतात ते वेगळेच. मी एअर फ्रायर घेतल्यावर आठ महिन्यांनी पुन्हा आप्पेपात्राकडे वळले.

बाकीची भराभर सांगते. इलेक्ट्रिक राइस कुकरमध्ये भात होतो, पण वरण वेगळं लावावं लागतं, आणि आपल्या कुकरच्या डब्यांत दोन्ही एका वेळी होतं. वसतिगृहात किंवा गॅस नसलेल्या खोलीत राहणाऱ्याला मात्र तो खूप कामाचा आहे. अंडी उकडायच्या यंत्राचं काम पातेलं करतं. लसूण सोलायची रबरी नळी सुक्या, मोठ्या पाकळीवर चालते, आपल्या बारीक गावरान लसणावर नाही. पाकळ्या दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, सालं हातानेच निघतात. ज्यूसरची जाळी लगेच ब्रशने घासली नाही तर चोथा वाळून छिद्रं बुजतात. बारा पात्यांच्या स्लायसरची दोन पाती वापरात राहतात आणि ती किसणीवरही असतात. वर बोटं वाचवायचं झाकण नसेल तर हातही लावू नका. एका पदार्थापुरते साचे, म्हणजे डोसा मेकर, केळं कापायची जाळी, सफरचंदाचं चक्र, यांची यादी लांबवत नाही.

मायक्रोवेव्ह घेताना एवढंच बघा की तुम्ही त्यात केक आणि नानखटाई करणार आहात का. करणार असाल तर भट्टीसारखा भाजणारा कन्व्हेक्शन लागतो. नुसतं गरम करायचं असेल तर साधा, म्हणजे सोलो, पुरतो.

घरघंटीबद्दल माझं मत बदललं आहे. आधी मी तीही अडगळ समजत होते. ज्या घरी गव्हाच्या पोळ्याच होतात आणि गिरणी खाली रस्त्यावर आहे, तिथे ती खरंच अडगळ आहे, वजनाला जड आणि आवाज मोठा. पण भाकरीच्या घरात गोष्ट वेगळी. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना फुटते. बाजरीच्या पिठाला काही दिवसांतच कडवटपणा येतो, कारण बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो. दर तीन-चार दिवसांनी किलोभर ताजं दळण लागत असेल आणि जवळ गिरणी नसेल, तर घरघंटीचा पैसा वसूल होतो. नव्या घरात मात्र पहिल्या वर्षी नको.

ओल्या ग्राइंडरचंही तसंच. कोइमतूरचा ओला ग्राइंडर इतका नावाजलेला आहे की त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दगडाखाली डाळ वाटताना ती तापत नाही, पीठ हलकं होतं, इडली जाळीदार होते. पण पंधरा दिवसांतून एकदा चार माणसांच्या इडल्या करायच्या असतील तर मिक्सरच्या भांड्यात फ्रिजचं थंड पाणी घालून, थांबत थांबत वाटा. पुरेसं चांगलं होतं.

पाचवी पायरी: क्वचित लागणाऱ्या वस्तूंचा हिशोब वेगळा ठेवा

'वर्षातून दोनदा लागतं, मग कशाला घ्यायचं?' हा नियम सरसकट लावू नका. पुरणयंत्र होळीला आणि गौरी-गणपतीत लागतं, पण त्याची जागा दुसरं काही नीट घेत नाही. मिक्सरमध्ये पुरण चिकट होतं, मध्ये डाळ राहते. पुरणयंत्रातून पुरण गरम असतानाच काढायचं, गार झालं की जाळीतून उतरत नाही. सोऱ्याचंही तसंच. चकलीची भाजणी घट्ट असते, तिला पितळी सोऱ्याचा दाब लागतो. बटणावर चालणाऱ्या पिचकारीसारख्या साच्यातून ती येत नाही, मी दोन प्रकार वापरून पाहिले. साधं पुरणयंत्र आणि सोऱ्या पिढ्यान्पिढ्या टिकतात, प्लग मागत नाहीत, आणि आई-आजीकडे बहुधा आधीच असतात. पहिल्या दिवाळीला मागून आणा. मोदकपात्र तर मागायचीही गरज नाही. पातेल्यावर चाळणी ठेवून त्यात हळदीचं किंवा केळीचं पान घातलं की उकडीचे मोदक सुरेख होतात.

सहावी पायरी: वाचवलेला पैसा इथे घाला

मिक्सरवर हात आखडता घेऊ नका. १९६० च्या दशकात मुंबईच्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन मिक्सर जळला. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्या गरजेपायी त्या इंजिनिअर माणसाने आपल्या वाटणाला पुरेल अशी मोटर बनवायला घेतली आणि त्यातून सुमीत मिक्सर आला. तिकडची यंत्रं फळं आणि सूप फिरवायला केलेली होती. सुकं खोबरं, भिजलेली उडीद डाळ, हळकुंड हे काम वेगळंच आहे. म्हणून आजही बघायचं ते हेच: दोघांच्या चटणीला ५०० वॉट चालतात, इडलीचं पीठ आणि सुकं वाटण असेल तर ७५० वॉटचा घ्या. भांडी तीन पुरतात, चटणीचं लहान भांडं त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. पाच-सहा भांड्यांच्या आणि ज्यूसरच्या जोडणीच्या मोहात पडू नका.

आणि हे लक्षात ठेवा: मिक्सर चालता चालता एकदम बंद पडला तर तो जळलाच असं नाही. बहुतेक मिक्सरच्या तळाला एक लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते बाहेर येतं. प्लग काढा, भांड्यातला ऐवज कमी करा, पाच-दहा मिनिटं थांबा, बटण आत दाबा. दुरुस्तीवाल्याकडे नेलेले कितीतरी मिक्सर या एका बटणाने सुरू होतात. अमेरिकेत राहायला जाणाऱ्यांनी इथला मिक्सर नेऊ नये. तिथे वीज सुमारे १२० व्होल्टची आहे. त्या विजेवर चालणारे भारतीय पद्धतीचे मिक्सर तिथेच मिळतात.

कुकर आयएसआय चिन्हाचाच घ्या, घरगुती प्रेशर कुकरना ते सक्तीचं आहे. पुढे इंडक्शनवर जायचं मनात असेल तर बूड बघून घ्या. फ्रिजवरचं लोहचुंबक तळाला लावायचं, चिकटलं तर चालेल. साधं अ‍ॅल्युमिनियम इंडक्शनवर तापत नाही.

तवे दोन असावेत. पोळी-भाकरीला लोखंडी, घावन, धिरडी आणि डोशाला बिडाचा. बिडाचा तवा आधी तयार करावा लागतो. धुऊन, तापवून, तेल लावून आठवडाभर रोज त्यावर कांदा परतायचा. मग त्यावर काही चिकटत नाही आणि वरचा थर निघण्याची भीतीही नाही. एक चांगली सुरी आणि धार लावायचा दगड घ्या. नारळ रोज लागणाऱ्या कोकणी घरात खोवणीची विळी हवीच.

सातवी पायरी: घ्यायचं ठरलंच, तर

प्रदर्शनात दाखवणाऱ्याचा हात नीट बघा. तो गाजर, काकडी, कोबी कापतो. कडक, ताजं आणि कोरडं. त्याला पिकलेला टोमॅटो किंवा ओली कोथिंबीर कापून दाखवायला सांगा. नंतर ते यंत्र तुमच्यासमोर धुवायला सांगा. पातं तिथे दर तासाला नवं लावता येतं, घरी नाही.

मग दुकानदाराला सुट्या भागांचं विचारा. मिक्सरचा कपलर (भांडं मोटरला जोडणारा दातेरी तुकडा), कुकरची रिंग आणि शिट्टी, हे जर तुमच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे मिळत असेल तर ते यंत्र दहा वर्षं चालेल. ज्याचा भाग कंपनीकडून मागवावा लागतो आणि कंपनीचं केंद्र तुमच्या गावात नाही, ते यंत्र पहिल्या बिघाडाला संपलं. माझा एक हँड ब्लेंडर असाच गेला. पंधरा-वीस रुपयांचा एक प्लॅस्टिकचा दात तुटला होता. तीन महिने वाट पाहिली, भाग आला नाही. आता ताक पुन्हा रवीने घुसळते.

पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या, आणि दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण पातळ कागदावरची छपाई वर्षभरात उडते. मोटरची वॉरंटी पाच वर्षं लिहिलेली असली तरी भांडी आणि पाती बहुधा त्यात नसतात, ती ओळ आधी वाचा. दुकान किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर फोन करा.

आणि घेऊन झालं असेल तर

परत करण्याची मुदत असेल तर आजच बघा, खोकं फेकू नका. मुदत गेली असेल तर यंत्र एक महिना ओट्यावर ठेवा आणि दुसऱ्या कामाला लावून बघा. पोळी मेकरवर मी पापड भाजते आणि आदल्या दिवशीच्या भाकरीचे तुकडे कुरकुरीत करते. एअर फ्रायरमध्ये दमट झालेले चिवड्याचे पोहे पुन्हा खुटखुटीत होतात. तेवढाही वापर होत नसेल तर माळ्यावर टाकू नका. माळ्यावर रबर कडक होतं, तार उंदीर कुरतडतात आणि दोन वर्षांनी ते कुणाच्याच कामाचं राहत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर विचारा. देताना चालू करून दाखवा, सगळे भाग, झाकण, तार आणि माहितीपुस्तिका एकाच पिशवीत घाला, आणि त्यात काय होतं आणि काय होत नाही ते घेणाऱ्याला सांगा. बिघडलेलं असेल तर सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

भाचीच्या फ्रिजवरचा कागद महिन्याने मी पाहिला. नळाखालच्या जागेच्या दोन्ही ओळींपुढे 'भिंतीला रॅक लावला' असं लिहिलं होतं. कांद्याच्या ओळीपुढे 'सुरीला धार'. खाली नवी ओळ होती: 'भाकरी थापता येत नाही.' पुढच्या रविवारी मी परात आणि किलोभर ताजं ज्वारीचं पीठ घेऊन जाणार आहे.